उपाशी पोटी या

मशीनवर १८४/१०२ आलं आणि माझं डोकं फिरलं.

"गोमलीबाई, गोळ्या घेता का नाही तुम्ही?"

"घेतो ना बाई. रोज घेतो."

"रोज घेता तर मग हे काय आहे? तिसऱ्यांदा बीपी वाढलेला निघाला."

"मले काय समजते त्यातलं? मी तं घेतो."

"खोटं बोलू नको," मी म्हणाले. एवढ्या मोठ्यानं म्हणाले की ओट्यावर बसलेली पंचवीस-तीस माणसं गप्प झाली. "गोळ्या फुकट भेटतात म्हणून नेता अन् कोनाड्यात टाकता तुम्ही लोक. उद्या लकवा मारला म्हणजे कळेल."

दंडाचा पट्टा सुटल्यावर गोमलीबाईंनी ओढणी डोक्यावर सारखी केली, पुढच्या महिन्याच्या गोळ्या घेतल्या आणि गेल्या. मी पुढचा नंबर बोलावला.

बहात्तर वर्षांच्या बाईला मी "तू" म्हणाले होते. आणि "तुम्ही लोक" म्हणाले होते. माझ्या आईनं आमच्या गावात, नेरमध्ये, हे दोन शब्द आयुष्यभर ऐकले. रेशनच्या दुकानात ऐकले, शाळेत माझं नाव घालायला गेली तेव्हा ऐकले. ते कसे लागतात हे मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. तरी ते माझ्या तोंडून निघाले, आणि त्या दिवशी मला त्याचं काही वाटलंही नाही. दुपारी डबा खाल्ला, रजिस्टर भरलं आणि घरी गेले.

मी आरोग्यसेविका होते. सरकारी कागदावर एएनएम, गावात शिष्टर. चौतीस वर्षं नोकरी केली आणि मागच्या वर्षी रिटायर झाले. शेवटची काही वर्षं दारव्हा तालुक्यात, बोरी अरबकडच्या एका उपकेंद्रात होते. गावाचं नाव सांगत नाही, कारण जे झालं त्यात गावाची चूक नाही. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, पुढं ओटा, एक वजनकाटा आणि औषधांचं कपाट. तिथून चार किलोमीटरवर बंजारा तांडा. गोमलीबाई तिथल्या. मुलगा-सून पुण्याकडं कामाला, मुलगी ललिता महागावला दिलेली. या एकट्याच राहायच्या. दोन शेळ्या होत्या. स्वयंपाक, पाणी, सरपण सगळं स्वतःच्या हातानं. बोरीच्या बाजारालाही पायी जायच्या. "मले कोणाच्या हाताचं पाणी नाई लागत," असं त्या सगळ्यांना ऐकवायच्या. बाईची सगळी ऐट तिच्या पायांत होती.

गुरुवार आमचा एनसीडीचा दिवस. एनसीडी म्हणजे एकापासून दुसऱ्याला न लागणारे आजार, मुख्यतः बीपी आणि शुगर. तपासणी तिशीच्या पुढच्या सगळ्यांची करायची असते, पण येतात ती म्हातारी माणसं. शेतातलं काम टाकून धडधाकट माणूस कशाला येतो? शुगर उपाशी पोटी बघायची असते, म्हणून बुधवारी आशाकडून निरोप जायचा की रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही, उद्या उपाशी पोटी या. आशा म्हणजे गावातलीच बाई, आमचा निरोप लोकांपर्यंत आणि लोकांचा आमच्यापर्यंत पोचवणारी. तांड्याची आशा कविता. ती स्वतः बंजाराच, गोमलीबाईंना याडी म्हणायची. याडी म्हणजे आई.

गोमलीबाईंची शुगर काठावर होती, त्यामुळं मी त्यांना दर महिन्याला उपाशीच बोलवायची. वेळ नऊची दिलेली. मी पोचायची साडेदहाला. बसच तशी होती, असं मी तेव्हा म्हणायची. बसच्या आधी एक ऑटोही निघायचा, हे आता सांगून टाकते.

एवढं चिडायचं कारणही सांगते. आमच्याकडं पोर्टल असतं, म्हणजे मोबाइलवर भरायची माहिती. बीपी एकशे चाळीसच्या खाली आला की पेशंटचं नाव हिरवं होतं, वर राहिला की लाल. दर महिन्याला तालुक्याच्या मीटिंगमध्ये कोणाच्या उपकेंद्रात किती हिरवे हे मोठ्यानं वाचून दाखवतात. माझं उपकेंद्र शेवटून दुसरं होतं. तीस वर्षांवर नोकरी झालेल्या बाईला आदल्या वर्षी लागलेल्या पोरींच्या खाली नाव ऐकावं लागायचं. ते मला फार झोंबायचं. म्हणून लाल नाव दिसलं की मला आजार दिसायचा नाही, मीटिंग दिसायची.

त्या गुरुवारी सगळे गेल्यावर मी डॉक्टरांना फोन केला. गोळी बदलायचा अधिकार आमचा नसतो, डॉक्टरांचा असतो. पण डॉक्टर आकडा बघतात, आणि आकडा आम्ही देतो. आमचे डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे, माणूस चांगला, पण अंगावर पाच उपकेंद्रांचा भार.

"मॅडम, कॉम्प्लायन्स कसा आहे?" त्यांनी विचारलं. कॉम्प्लायन्स म्हणजे पेशंट सांगितल्याप्रमाणे गोळ्या घेतो की नाही.

"घेतो म्हणते, सर. मला नाही वाटत."

"घेतच नसेल तर डोस वाढवून काय उपयोग?"

"वाढवून बघा ना, सर. किती महिने लाल ठेवायचं तिला?"

ते म्हणाले, "ठीक आहे, डबल पॉवरची गोळी द्या." मी कविताच्या हातून त्यांच्या जुन्या गोळ्या परत मागवल्या आणि नव्या पाठवल्या.

आता तुम्हीच बघा. ती गोळ्या घेत नाही असं माझं म्हणणं खरं असेल, तर डोस वाढवण्यात अर्थ नव्हता. आणि ती घेत असेल, तर भर ओट्यावर मी तिला खोटारडी म्हटलं होतं. दोन्ही एकदम खरं असू शकत नव्हतं. मी मात्र दोन्ही एकाच दिवशी केलं.

पुढच्या महिन्यात पुन्हा बीपी वाढलेलाच निघाला. मी कविताला बोलावलं. म्हटलं, सकाळी सकाळी न सांगता जा आणि बघ. ती दोनदा जाऊन आली.

"मॅडम, याडी खरंच घेते गोळी. भाकर खाल्ली, पाणी प्याली अन् माह्यासमोर घेतली."

"तू गेलीस म्हणून घेतली असेल."

"आता असं म्हटल्यावर मी काय बोलू, मॅडम?"

पण मनात खुटखुटलं. डॉक्टरांना फोन करून "घेते म्हणतात" एवढं सांगितलं. त्यांनी दुसरी गोळी सुरू केली. ही लघवीवाटे अंगातलं पाणी काढते, म्हणजे रक्तवाहिन्यांवरचा जोर कमी होतो. पहिली पांढरी, ही पिवळी.

त्याच्या पुढच्या महिन्यात त्या आल्या आणि पट्टा बांधायच्या आधीच हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, सकाळी उठलं का डोळ्यापुढं अंधारी येते. भित धरा लागते."

"वय झालं आता, गोमलीबाई. पाणी पीत जा," मी म्हणाले आणि मशीनचं बटण दाबलं. मशीनवर १६८ आलं. अंधारी येते हे मी कार्डावर लिहिलंही नाही. बीपी वाढलेला असताना चक्कर येते ती बीपीनंच, असं मी धरून चालले. म्हाताऱ्या माणसाचा बीपी बसवून घेतल्यावर उभं करूनही घ्यायचा असतो. हे मला शिकवलेलं होतं, दोन ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं होतं. ओट्यावर तीस माणसं असताना कोण कोणाला उभं करतं?

गोळ्या सुरू होऊन पाच महिने झाले तेव्हा त्या काठी टेकत आल्या. अंधारीचा विषय त्यांनी काढला नाही. पुन्हा लाल.

त्यानंतर आठवड्याभरात कविताचा फोन आला, मी घरी चहा करत होते. "मॅडम, याडी पडली. शेळ्या सोडाले उठली अन् दारातच पडली. पाय हलवू नाई देऊन राह्यली."

खुब्याचं हाड मोडलं होतं. यवतमाळला नेलं, ऑपरेशन झालं, आत सळई टाकली. ललिता महागावहून येऊन आईजवळ राहिली. मी आठवड्यातून एकदा तरी यवतमाळला जायची. वॉर्डात गेले नाही. कामं होती, असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे मला तिथं जायची भीती वाटत होती, आणि भीती कशाची हे मी स्वतःलाही विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी त्या तांड्यात परत आल्या. सुट्टी झालेल्या पेशंटच्या घरी भेट द्यायची असते, रजिस्टरमध्ये त्याचा रकाना असतो. रकान्यासाठी का होईना, मी गेले. कविता सोबत होती.

गोमलीबाई खाटेवर होत्या. खाटेशी वॉकर उभा होता. अंगण रिकामं होतं, कारण शेळ्या शेजारच्यांकडं देऊन टाकलेल्या. ललितानं बसायला चटई टाकली आणि चहा ठेवला. मी बीपी घेतला, तो १२८ आला. मग सुट्टीचं कार्ड वाचलं. तिथल्या डॉक्टरांनी पिवळी गोळी बंद केली होती आणि पांढरी निम्मी केली होती. भरती केलं तेव्हा बीपी ९६/६० होता. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की उठून उभं राहिल्यावर बीपी एकदम पडतो, म्हणून चक्कर येऊन पडल्या असाव्यात. औषध जास्त झाल्याची शंका.

मी दोनदा वाचलं. माझ्याकडं दर महिन्याला एकशे साठ, एकशे ऐंशी असणाऱ्या बाईचा बीपी ९६ कसा?

"गोमलीबाई, जुन्या गोळ्या उरल्या असतील तर द्या. आता त्या चालायच्या नाहीत."

त्यांनी खाटेखालची पिशवी दाखवली. ललितानं ती चटईवर उपडी केली. आत रिकामी पाकिटं होती. मी झाडल्यापासूनची सगळी, रबर लावून नीट ठेवलेली.

"हे काहून जमवलं?"

"तुमी म्हणल्या होत्या ना, खोटं बोलतो म्हून. म्हटलं, पुन्हा बोलल्या तं दाखवीन." हे त्या अगदी साधं बोलल्या. टोमणा नव्हता त्यात. "मंग दाखवाची हिंमतच नाई झाली."

पाकिटांसोबत एक कुंकवाची डबी होती. तिच्यात गोळ्या होत्या. पाच पांढऱ्या आणि दोन पिवळ्या.

"या कोणत्या? या काहून नाही घेतल्या?"

"त्या दवाखान्याच्या दिवसाच्या. तुमच्याकडं याचं त्या दिवशीच्या."

"त्या दिवशी गोळी नव्हत्या घेत?"

गोमलीबाईंनी माझ्याकडं जरा नवलानं बघितलं. "त्या दिवशी उपाशी याचं राह्यते ना. अन् गोळी उपाशी पोटी घ्याची नाई. तुमीच सांगितलं."

मीच सांगितलं होतं. पहिल्यांदा गोळी दिली तेव्हा. आधी भाकरीचा तुकडा खायचा, मगच गोळी, उपाशी पोटी अजिबात घ्यायची नाही. त्या गोळीला तशी काही अट नसते. पण रिकाम्या पोटी मळमळलं की म्हातारी माणसं गोळीच सोडून देतात, म्हणून मी सगळ्यांनाच तसं दटावून सांगायची. आणि दर बुधवारी निरोप पाठवायची, उद्या उपाशी पोटी या. दोन्ही हुकूम माझे होते. त्यांनी दोन्ही पाळले.

मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. महिन्यातले एकोणतीस दिवस त्या गोळी घ्यायच्या. ज्या एका दिवशी घ्यायच्या नाहीत, नेमका त्याच दिवशी मी त्यांचा बीपी मोजायची. तोही चार किलोमीटर चालून आलेल्या, रात्रीपासून पोटात काही नसलेल्या, दीड-दोन तास माझी वाट बघत बसलेल्या बाईचा. पाच मिनिटं शांत बसवून मग बीपी घ्यायचा असतो. मी नंबर लागला की पट्टा बांधायची. त्यात एकदा मी सगळ्यांसमोर झाडल्यापासून माझ्यापुढं बसल्या की त्यांच्या काळजात धडधड होत असणार, आणि तीही मशीनवर येत असणार. मी त्यांना भ्यायला लावायची, त्या भीतीचा आकडा लिहायची आणि त्या आकड्यावर गोळ्या वाढवून घ्यायची. उरलेले एकोणतीस दिवस त्या जास्तीच्या गोळ्या इमानानं खाऊन भिंत धरत चालत होत्या.

घरी माझ्या आईचा बीपी घेताना मी आधी तिला चहा द्यायची, इकडचं तिकडचं बोलायची आणि मग मशीन काढायची. म्हणजे मला येत नव्हतं असं नाही.

ललितानं चहा आणला. मी कप तसाच खाली ठेवला. कविता खाली बघत होती. तिला सगळं कळलं होतं. मी म्हणाले, "येते मी, उशीर होतो." आणि उठले. माझ्या चुकीबद्दल एक शब्दही न काढता निघून आले. कविता वाटेत फक्त एवढंच म्हणाली, "मॅडम, बाकीच्यांचं पण तसंच असन का?"

तसंच होतं. पुढच्या गुरुवारी मी ओट्यावर प्रत्येकाला विचारलं, आज गोळी घेतली का? बीपीच्या बावीस माणसांपैकी तेरा जणांनी घेतली नव्हती. उपाशी यायचं असतं ना, म्हणाले. त्यांच्यापैकी कोणी पडलं नव्हतं, एवढंच माझं नशीब.

त्याच महिन्यात तालुक्याची मीटिंग झाली. गोमलीबाईंचा घरभेटीतला बीपी १२८ होता, तो भरल्यावर त्यांचं नाव हिरवं झालं होतं. गोळी घेऊन आल्यावर ज्यांचा बीपी मी पुन्हा घेतला, त्यांच्यातली आणखी चार-पाच नावं झाली होती. माझं उपकेंद्र चार जागा वर आलं. तालुक्याचे आरोग्य अधिकारी साहेब म्हणाले, "बघा, रिटायरमेंटला आल्या तरी मॅडमचं काम बघा." टाळ्या वाजल्या. मी उभी राहिले, हात जोडले आणि खाली बसले. तिथं बोलता आलं असतं. पन्नास नर्स होत्या त्या हॉलमध्ये, प्रत्येकीच्या गावात उपाशी पोटी येणारी माणसं होती. नाही बोलले. इतकी लाज मला तोपर्यंतच्या नोकरीत कधी वाटली नव्हती, आणि तरीही मी तोंड उघडलं नाही. शरमेनं माणूस सुधारतो म्हणतात. माझी तर आधी वाचाच बसली.

त्या संध्याकाळी डॉक्टरांना मात्र फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "मॅडम, मी पण पाच महिन्यांत एकदाही विचारलं नाही, आज सकाळची गोळी झाली का म्हणून."

"आकडा माझा होता, सर."

"सही माझी होती." मग ते म्हणाले, "पुढच्या मीटिंगला मी मांडतो. नाव तुमचं घेऊ का?"

मी म्हटलं, घ्या. त्यांनी मांडलं, पण माझं नाव घेतलं नाही. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची पुन्हा लाज वाटली.

गोमलीबाईंकडं जायला मला आणखी पंधरा दिवस लागले. कविताचा निरोप आला की ललिता आईला कायमचं महागावला नेते आहे, तेव्हा गेले. सामान बांधलेलं होतं. गोमलीबाई वॉकर धरून दारापर्यंत आल्या होत्या. तेवढ्यानंच दमल्या होत्या.

मी म्हणाले, "गोमलीबाई, तुम्ही खोटं बोलत नव्हत्या. चूक माझी होती. उपाशी या म्हटलं, पण गोळी घेऊन या असं सांगितलं नाही. त्यामुळं आकडा चुकला, त्यामुळं गोळ्या वाढल्या, अन् त्यामुळं तुम्ही पडल्या. अंधारी येते हे तुम्ही सांगितलं होतं, ते मी ऐकलं नाही."

घरात आम्ही तिघीच होतो. झाडलं होतं भर ओट्यावर, माफी मागितली चार भिंतींच्या आत. ललिता माझ्याकडं बघत राहिली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. तिनं आईचं गाठोडं उचललं आणि बाहेर नेऊन ठेवलं.

गोमलीबाई खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "पाय तं गेला बाई."

"हो."

"माह्या घरचं पाणी मी भरत होतो. आता लेकीच्या सासरी राहा लागते."

मी खाली मान घालून बसले. मग त्यांनी उशीखालून गोळ्यांचं पाकीट काढलं, माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "मंग आता ही कशी घ्याची, सांगा. खाऊन का उपाशी?"

मी सांगितलं. रोज सकाळी, खाल्लं असो नसो, पाण्यासोबत. दवाखान्याच्या दिवशीसुद्धा. उठताना आधी खाटेवर बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं. दोनदा सांगितलं आणि त्यांच्याकडून वदवून घेतलं. त्यांनी शब्दाला शब्द म्हणून दाखवलं.

रिटायर होईपर्यंत माझ्या उपकेंद्राच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं: शुगरसाठी उपाशी या, पण बीपीची गोळी पाण्यासोबत घेऊनच या. शुगरची गोळी असेल तर आधी विचारा. लिहायला दहा मिनिटं लागली. पेशंट गोळी घेत नाही असं वाटलं तर त्याला खोटं ठरवायच्या आधी, आपण त्याला काय काय सांगितलं होतं ते सगळं एका कागदावर लिहून बघावं. आणि म्हाताऱ्या माणसाला उभं करून बीपी घ्यायला दोन मिनिटं लागतात, ती द्यावीत. मला शिकता आलं ते एवढंच.

मध्यंतरी ललिताला फोन केला होता. आई बरी आहे, म्हणाली. अंगणापर्यंत जाते. उठायच्या आधी खाटेवर बसून पाय हलवते. घाई असली, कोणी बोलावलं, तरी आधी पाय हलवते. घरातले म्हणतात, राहू दे आता, एवढं काही नाही. तर म्हणते, शिष्टर बाईनं सांगितलं आहे.